दोन बोटं खाली

जवळ सरका, मंडळी. भिंतीला टेकलेल्यांनीही पुढं यावं, म्हणजे मला आवाज चढवावा लागणार नाही. एका गाडीच्या स्प्रिंगांची गोष्ट सांगतो. विषय कीर्तनाचा वाटत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण शेवटपर्यंत बसा, टाळ कुठं वाजतो ते तुमचं तुम्हालाच ऐकू येईल.

कृष्णराजनं मागच्या चाकाशी उकिडवं बसून टायर आणि वरचा पत्रा यांच्यामधल्या फटीत हात घातला. चार बोटं आडवी गेली आणि वर आणखी जागा उरली. तो तोंड वाकडं करून उठला.

"बघ की. उंदीर सोड, मांजर जाईल ह्यातनं."

इंद्रजित हसला. धाराशिवात बसस्टँडच्या मागच्या रस्त्याला त्याचं गाड्या सजवायचं दुकान होतं. दोघं कॉलेजात एका बाकावर बसलेले, त्यामुळं गिऱ्हाईक आणि दुकानदार असं काही मधे नव्हतं.

"जाऊ दे की मांजर. तुझी गाडी रोज बेंबळीहून हापिसात येती, शर्यतीला जात न्हाय," तो म्हणाला.

"पर दिसतीय कशी? नवरदेवानं फेटा बांधावा अन् पायजमा आखूड घालावा, तशी."

हे मात्र खरं होतं. पांढरी साधी हॅचबॅक, कंपनीतून आली तशीच. गेल्या दिवाळीला कृष्णराजनं फक्त चकचकीत अलॉय व्हील्स बसवली होती. चाकं देखणी झाली आणि त्यांच्यावरची रिकामी जागा आणखीच डोळ्यांत भरू लागली. ठिबकच्या कंपनीत दिवसभर पाइपांचे आणि नळ्यांचे हिशोब करून तो बाहेर यायचा, तेव्हा पार्किंगमध्ये आधी त्या फटीकडंच त्याची नजर जायची.

इंद्रजितनं फळीवरून दोन जोड काढून बाकावर ठेवले. एक निळा, एक लाल.

"निळ्यानं गाडी बोटभर खाली येती, लाल्यानं दोन बोटं. तिसरा मार्ग म्हंजे आहे ती स्प्रिंग ग्राइंडरनं कापायची. ते काम मी करत न्हाय. कापलेली स्प्रिंग बेडकावानी उड्या मारती."

"तू काय घेशील?"

"रोजच्या गाडीला? बोटभर. शॉकअप कंपनीचेच ठेवायचे, गाडी जरा टुमदार दिसती, अन् घरच्यांच्या शिव्या बी खाव्या लागत न्हाईत."

कृष्णराजनं लाल स्प्रिंग हातात घेतली. ती गार होती आणि वाटली होती त्याहून जड.

"अन् ही?"

"ती लई देखणी दिसती. पर मागं कोण बसतं, त्याच्यावर हाय. एकटाच फिरत असशील तर बिनधास्त घे. मागं माणसं भरलीस की पोट रस्त्याला घासणार." इंद्रजितनं काचेतून आत डोकावून पाहिलं. "मागं कोण बसतं तुझ्या?"

कृष्णराजनंही मागच्या सीटकडं पाहिलं. सीटच्या शिवणीत वाळलेल्या कणकेचे कण अडकले होते. दाराच्या आतल्या बाजूला बुक्क्याचा काळा हात उमटला होता. तो किती पुसला तरी पुरता जात नव्हता.

"कुणी न्हाय," तो म्हणाला. "मी एकटाच असतो."

आता हे खोटं होतं की नव्हतं, ते तुम्हीच ठरवा. आठवड्याचे सहा दिवस तो खरंच एकटा असायचा. पण एकादशी आली, जवळपास कुठं सप्ताह बसला, की वडिलांचा, आण्णासाहेबांचा, पखवाज कापडात बांधून ओट्यावर येऊन बसायचा. पखवाजाला लावायची कणीक भिजवून डब्यात भरलेली असायची. मागं विणेकरी शिवप्पा, त्यांच्या पलीकडं आण्णा, मांडीवर पखवाज घेतलेले. आणि दोघांच्या मधे धोंडीबा टाळकरी. वाटेत तिघांना मिळून अभंग म्हणायचे असत, म्हणून पुढची सीट रिकामी राहिली तरी तिघं मागंच बसायचे.

धोंडीबानं उभी हयात बेंबळी-धाराशिव काळीपिवळी जीप चालवली. तिच्यात जितकी माणसं बसत, त्याहून जास्त तिला लटकत. माणूस वजनाला भारी आणि आवाजाला त्याहून भारी. त्यानं वरच्या पट्टीत चाल उचलली, की बुवांना दोन श्वास विसावा मिळायचा. आण्णा त्याला हमखास डिवचायचे:

"धोंडीबा, तू मधीच बस. न्हायतर गाडी एका बाजूच्या चाकांवर चालंल."

"चालू दे की. तेवढंच टायर वाचत्याल," धोंडीबा म्हणायचा आणि दोन्ही हातांनी सीट धरून, एखादा अवघड माल उतरवावा तसा स्वतःला आत ठेवायचा.

कृष्णराजचं या माणसांवर प्रेम नव्हतं असं नाही. लहानपणी याच धोंडीबानं त्याला जीपच्या बॉनेटवर बसवून गावभर फिरवलं होतं. पण त्या दिवशी गाडी आपली राहत नाही, असं त्याला वाटे. तंबाखूचा वास दुसऱ्या दिवशीपर्यंत रेंगाळायचा. महिन्यातून एकदोनदा होतं, तेवढं निभेल, असं म्हणून त्यानं लाल जोड घेतला. जुन्या स्प्रिंगा इंद्रजितनं पोत्यात गुंडाळून पोटमाळ्यावर टाकल्या.

संध्याकाळी गाडी दुकानातून बाहेर आली आणि चौकात उभ्या पोरांनी माना वळवल्या. बेंबळीच्या रस्त्यानं कृष्णराजनं काच खाली घेतली होती. गाडी वळणावर डुलत नव्हती, रस्त्याला धरून चालत होती. घरी पोचल्यावर तो पाच-सात पावलं मागं सरून तिच्याकडं बघत उभा राहिला.

"खाली का दिसालीय ही?" अर्पिता, त्याची बायको, दारातून म्हणाली.

"सर्व्हिसिंग केलंय."

आण्णांना त्यानं काहीच सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

पुढच्या रविवारी तेरला काल्याचं कीर्तन होतं. सकाळी तिघं येऊन बसले. धोंडीबा बसला आणि गाडी मागून दबली. पण ती नेहमीच दबायची, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही. गाव सोडेपर्यंत सगळं ठीक होतं. पहिला स्पीडब्रेकर आला आणि गाडीच्या पोटाखालून असा आवाज निघाला, की शिवप्पांनी विणा उराशी धरला.

"काय तुटलं रं?" आण्णा म्हणाले.

"काही न्हाय. घासली जरा."

पुढच्या वाडीतला ब्रेकर गावकऱ्यांनी स्वतःच घातलेला होता. तिथं म्हणे एक शेळी गाडीखाली गेली होती, त्या रागात त्यांनी मुरूम आणि सिमेंटचा उंटच रस्त्यावर आडवा टाकला होता. गाडी त्याच्यावर चढली आणि मधोमध टेकली. चाकं जागच्या जागी कण्हली.

"थांब रं लेकरा," धोंडीबा म्हणाला. "आमी उतरतो."

ते उतरले. गाडी हलकी होऊन पलीकडं गेली. तिघं म्हातारे चालत ब्रेकर ओलांडून पुन्हा गाडीत बसले. हॉटेलच्या बाकड्यावरचा एक जण म्हणाला, "काय मामा, ढकलगाडी घेतली का?" धोंडीबानं हसून हात जोडले.

त्या रस्त्याला वाड्या-वस्त्या किती आणि प्रत्येकीचा ब्रेकर वेगळा. उतरायचं, चालायचं, बसायचं. दोन-तीनदा झाल्यावर धोंडीबानं त्याचीही गंमत केली. उतरला की गळ्यातले टाळ हातात घेऊन वाजवत ब्रेकर ओलांडू लागला, जणू दिंडीच चालली आहे. शिवप्पा हसत होते, आण्णा हसत होते. कृष्णराज स्टीयरिंग धरून पुढं बघत होता आणि त्याचे कान तापले होते. इतक्या वेळा चढ-उतार करून धोंडीबाला धाप लागली होती, तेही आरशात दिसत होतं.

तेरला पोचले तेव्हा नमन संपून अभंग लागला होता. पखवाजावर दुसराच कुणी बसला होता. चालू कीर्तनात वादकाला उठवत नाहीत. आण्णा पखवाज खांद्याला तसाच अडकवून मागं खांबाशी उभे राहिले आणि त्यांची बोटं कापडावरून आपोआप ठेका धरत राहिली. धोंडीबाला टाळकऱ्यांच्या रांगेत जागा झाली, पण त्या दिवशी त्यानं चाल उचलली नाही. दम अजून बसला नव्हता.

परतताना तो आपणहून पुढच्या सीटवर बसला. गाव मागं पडलं. मग म्हणाला,

"कृष्णा, एक सांगू का? राग मानू नकोस."

"सांगा की काका."

"तुज्या गाडीच्या स्प्रिंगा खचल्यात. आमच्या वजनानं खचल्या. माज्या जीपचं असंच झालं व्हतं. लई माणसं भरली की स्प्रिंगची पाटं सपाट व्हत्यात, अन् एकदा सपाट झालं की परत कमान धरत न्हाईत." त्यानं स्वतःच्या पोटाकडं पाहिलं. "मधी मीच बसतो की न्हाय."

रस्ता मोकळा होता. मागं आण्णा आणि शिवप्पा डोळे मिटून होते. झोपले होते की ऐकत होते, कळत नव्हतं. कृष्णराजनं गिअर बदलला. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य त्याच्या तोंडात आलंही होतं.

"जुनी झाली गाडी, काका," तो म्हणाला. "तुमच्यामुळं काही न्हाय."

"जुनी कुठं. म्या ओळखतो की गाडी," धोंडीबा म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

पुढच्या एकादशीला ओट्यावर पखवाज आला, शिवप्पा आले, धोंडीबा आला नाही. गुडघा दुखतोय, असा निरोप आला. त्याच्या पुढच्या वेळीही गुडघाच होता. टाळकऱ्यांच्या रांगेत एक जागा रिकामी राहू लागली आणि वरच्या पट्टीतली चाल बुवांना स्वतःच ओढावी लागू लागली. आण्णा एकदा म्हणाले, "धोंडीबाला मी लई डिवचलं का रं गाडीवरनं?" कृष्णराज म्हणाला, "गुडघा असंल, आण्णा." मागं आता दोघंच असल्यानं कुणाला उतरावं लागत नव्हतं, गाडी ब्रेकरला नुसती घासायची.

थंडी पडू लागली होती. एका संध्याकाळी धोंडीबाची बायको हरणाबाई अर्पिताकडं विरजण न्यायला आली. कृष्णराज आत कपडे बदलत होता. दोघींचं बोलणं त्याला भिंतीआडून ऐकू येत होतं.

"काकी, काकांचा गुडघा कसाय?" अर्पितानं विचारलं.

"गुडघ्याला काय धाड भरलीय? गुडघा चांगलाय." हरणाबाईचा आवाज खाली आला. "रातची भाकर सोडलीय त्यांनी. नेम धरलाय. कुणाला सांगू नको म्हणलेत, पर मला ऱ्हावत न्हाय बाई. म्हणत्यात, माज्यापायी पोराच्या गाडीचं वाटोळं झालं. ती पयल्यासारखी हुबी ऱ्हाईस्तवर रातचं जेवायचं न्हाय. तेवढंच वजन बी उतरंल, म्हणत्यात."

अर्पिता हसली असावी, कारण हरणाबाईही हसली.

"म्या म्हणलं, देवाला काय ध्यान द्यायला दुसरं न्हाय का? तुमच्या पोटाकडं अन् त्या गाडीकडं बघत बसंल? तर म्हणत्यात, त्येला सगळ्याचंच बघावं लागतं. काल न्हाणीत चक्कर आली. तरी ऐकत न्हाईत."

कृष्णराज शर्टाची गुंडी हातात धरून उभा राहिला. बाहेर जाऊन सांगायला तीन पावलं पुरली असती. हरणाबाईनं विरजणाची वाटी पदराखाली घेतली, फाटक वाजलं, तरी तो तिथंच होता. त्याच्या मनात एक सोपा हिशोब जुळत होता. नेम गाडीवर आहे. गाडी पहिल्यासारखी केली, की नेम आपोआप सुटला. मग सांगायची गरजच काय?

दुसऱ्या दिवशी हाफडे टाकून तो इंद्रजितच्या दुकानात गेला.

"लोक खाली घ्यायला येतेत," इंद्रजित पोतं सोडत म्हणाला. "वर घ्यायला आलेला तू पयलाच. एकटाच असतोस म्हणला व्हतास न्हवं?"

"बसव लौकर," कृष्णराज म्हणाला.

जुन्या स्प्रिंगांवर धूळ बसली होती. त्यानं स्वतः फडक्यानं पुसून दिल्या. गाडी जॅकवरून खाली आली, तेव्हा पुन्हा तशीच उंच, साधी दिसू लागली. यावेळी तो मागं सरून बघत उभा राहिला नाही.

रविवारी पाडोळीच्या बाजूला कीर्तन होतं. आण्णा आणि शिवप्पांना ओट्यावर थांबवून कृष्णराज आधी धोंडीबाच्या दारात गेला. हॉर्न ऐकून धोंडीबा बाहेर आला. बंडी त्याच्या अंगावर सैल लोंबत होती आणि गळ्याची कातडी सुटली होती. पायरीवरच तो थबकला.

गाडीकडं त्यानं एका बाजूनं पाहिलं, मग वळसा घालून दुसऱ्या बाजूनं. मागं जाऊन दोन्ही तळवे डिकीवर ठेवून, जीपवाले दाबतात तशी गाडी दाबली आणि सोडली. गाडी खाली गेली आणि लगेच वर आली. धोंडीबानं टोपी काढली. गाडीच्या टपाच्या कडेला त्यानं कपाळ टेकलं आणि क्षणभर तसाच राहिला.

"हरणे," त्यानं घरात हाक दिली, "भाईर ये. बघ, आली वर."

कृष्णराज पुढं झाला.

"काका, आता झालं ना सगळं नीट? आता रात्रीचं जेवत जावा."

धोंडीबानं वळून दाराकडं पाहिलं. हरणाबाई चौकटीआड सरकली.

"हिनं सांगितलं व्हय? बायांच्या पोटात काय ऱ्हाईल तर शपथ." तो रागावला नव्हता. "जेवायचंच ठरवलं व्हतं रं, गाडी नीट झाल्यावर. पर आता कसं जेवू? म्या मागितलं अन् त्यानं दिलं. काम झालं म्हणून लगीच पाठ फिरवायची? न्हाय न्हाय. आता जलमभर पाळायचा ह्यो नेम."

"काका, तसं न्हाय." कृष्णराज म्हणाला, "ती गाडी... ती मीच..."

"तूच काय?"

धोंडीबा त्याच्याकडं बघत होता. चेहरा ओढलेला होता, पण डोळे असे उजळले होते, की लग्नातल्या नवरदेवाचेही तसे उजळत नाहीत. उभ्या आयुष्यात या माणसानं देवाकडं काही मागितल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. पहिल्यांदा मागितलं, ते दुसऱ्याच्या गाडीसाठी. आणि त्याच्या लेखी ते मिळालं होतं.

"मीच नीट करून आणली," कृष्णराज म्हणाला.

"मग दुसरं कोण करंल? तूच केली असशील." धोंडीबानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "पर तुला बुद्धी कुणी दिली?"

एवढं बोलून तो टाळ आणायला आत गेला.

त्या रविवारी तिघंही मागं बसले, धोंडीबा मधे. गाडी सगळे ब्रेकर न घासता ओलांडत गेली आणि प्रत्येक ब्रेकरनंतर मागून धोंडीबा हळूच म्हणायचा, "बघितलं का आण्णासाहेब?" कीर्तनात त्यानं चाल उचलली तेव्हा आवाज पूर्वीइतका भरीव नव्हता, पण इतका उंच गेला की बुवांनी चिपळ्या थांबवून त्याच्याकडं हात केला. आण्णांचा हात पखवाजावर असा पडत होता, जणू धोंडीबाची मधली कीर्तनं चुकलीच नाहीत. कृष्णराज बायकांच्या बाजूच्या भिंतीशी, चपलांजवळ बसून होता. महाप्रसादाच्या पंगतीत धोंडीबानं पोटभर खाल्लं, कारण दुपार होती. आणि संध्याकाळी घरी जाऊन पाणी पिऊन झोपला.

पुढं कितीदा तरी कृष्णराज दिवेलागणीला त्या दारावरून गेला. आत हरणाबाईसमोर एक ताट वाढलेलं असायचं आणि धोंडीबा शेजारी भिंतीला टेकून हरिपाठ म्हणत बसलेला असायचा. "ये लेकरा, च्या घे," तो म्हणायचा. कृष्णराज आत जायचा, चहा घ्यायचा, आणि उठायचा. दरवेळी जाताना वाटे, आज सांगू. येताना वाटे, आता सांगून त्याच्या हातात काय उरेल?

धोंडीबानं तो नेम शेवटपर्यंत पाळला. शेवटच्या दुखण्यात डॉक्टरनं रात्री पेज द्यायला सांगितली, तर तोंड फिरवून म्हणाला, सकाळी घेतो.

गोष्ट एवढीच, मंडळी. आता उठाल, घरी जाल, हातपाय धुऊन ताटावर बसाल. भाकरी मोडण्याआधी क्षणभर थांबा आणि बेंबळीच्या धोंडीबा टाळकऱ्याची आठवण काढा.